फीत वर धरा

फीत खाली पडली. मी पोचायच्या आधी.

लाल रेशमी फीत. दोन टोकांना पांढऱ्या सदऱ्यातले दोन विद्यार्थी. शेवटच्या वळणावरून ती मला दिसली तेव्हा माझ्यापुढे कुणी नव्हतं. मागच्यांचे पायसुद्धा ऐकू येत नव्हते. फितीजवळ आलं की छाती पुढे काढायची, असं मला शिकवलं होतं. मी छाती काढली. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात सोडले. फीत मातीत पडली. मी तिच्यावरून उडी मारली. पाय लागू नये म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते अंगातच होतं.

मागे टाळ्या वाजल्या म्हणून वळून बघितलं. फीत पुन्हा वर गेली होती. दुसरा आलेला मुलगा, बंदरावरच्या एका शेठचा, तिच्यात छाती घालून आला. फीत त्याच्या अंगाला गुंडाळली गेली. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होतो आणि माझ्याभोवती मोकळी जागा होती. किती सोडायची ते रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

वकीलसाहेब आले. शर्यती भरवणारे तेच. चार हातांवर थांबले.

"शाब्बास! पहिला आलास. नाव पुकारणार आहोत तुझं." मग आवाज उतरवून म्हणाले, "फितीचं मनाला लावून घेऊ नकोस. धरणारी मुलं चांगल्या घरची आहेत. तू शिवलास तर फितीतून त्यांच्यापर्यंत जातं ना. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला."

मधला मार्ग. म्हणजे विटाळ फितीतून पळतो, आणि माझ्यापेक्षा जोरात पळतो. त्याला मी कसा हरवणार होतो? पण हे आज सुचतंय. त्या दिवशी मी हात जोडले आणि "व्हय, साहेब" म्हणालो. आणि मी खूश होतो. मनापासून खूश होतो.

का खूश होतो, ते सांगायला हवं.

आमचा गाव मिरजोळ्याच्या पलीकडे, कातळाच्या सड्याखाली. मी महाराचा. गावात कुणी मेलं की त्याच्या नातेवाइकांना खबर द्यायला महाराने पळायचं, ही गावकी. प्रेत उचलायच्या आधी लेकीबाळींना तोंड दिसायला हवं ना! ते तोंड दिसावं म्हणून आमच्या घरातला कुणीतरी उन्हातान्हात कातळ तुडवत जायचा. आधी आजा गेला, मग बाप, मग मी. वेठ ती. तिला नाही म्हणायची सोय नव्हती. गाव खोताचा. जमीन त्याची, झाडं त्याची आणि आमचे हातपायही त्याचेच.

मयताची खबर नेणाऱ्याने वाटेत कुणाशी बोलायचं नाही. बोलला तर मरण त्या माणसाच्या घरी शिरतं, असं मानायचे. म्हणून मी तोंड मिटून पळायला शिकलो. नाकाने श्वास घ्यायचा, घाटी चढायची, वहाळ ओलांडायचा, कुणी हाक मारली तरी थांबायचं नाही. लोक मला बघून वाट सोडायचे. नेहमीचं अंतर ठेवायचे त्याच्या दुप्पट. एक विटाळाचं, एक मरणाचं.

पोचलं की अंगणाच्या कडेबाहेर उभं राहायचं. मी तोंड उघडायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. कोण गेलं ते अजून सांगितलेलंही नसायचं. मला बघितलं, बस्स. मग कुणीतरी वरून माझ्या फडक्यात शेरभर भात टाकायचं आणि मी गेलो की मी उभा होतो तिथे शेणपाणी शिंपडायचं. लहानपणापासून माझं पळणं बघून माणसं रडली. एवढी रडली की मला वाटायचं, माझ्याच पायांत काहीतरी वाईट आहे.

आणि इथे या मैदानावर माणसं टाळ्या वाजवत होती. मी पळालो आणि कुणी मेलं नव्हतं. म्हणून मी खूश होतो.

वकीलसाहेबांची माझी ओळखही मरणातूनच झाली. त्यांचे चुलते आमच्या गावात वारले. मी शहरात त्यांच्या दारी खबर घेऊन गेलो. घरातल्या बायका रडू लागल्या. वकीलसाहेबांनी मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, "निघालास कधी?" मी सांगितलं, खोतांची पूजा आटोपली तेव्हा. त्यांनी आत जाऊन घड्याळ पाहिलं. मग चुलत्यांसाठी डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता. सुधारणावाला होता. शाळांच्या पोरांबरोबर महाराला मैदानात उतरवायचं म्हणजे तेव्हा सोपं काम नव्हतं. ते त्यांनी केलं, आणि केलं ते सगळ्यांना सांगितलंही.

मग दर साल तेच. मैलाची शर्यत. मी पुढे, फीत खाली, माझी उडी, फीत वर, शेठचा मुलगा. लोकांना सवय झाली. पोरं आधीच ओरडायची, "आला रे, सोडा!" माझा कप टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवायचे, मी उचलायचा, फोटो नाही. संध्याकाळी वकीलसाहेब तो परत मागून घ्यायचे. तुमच्या झोपडीत नीट राहणार नाही, म्हणायचे. ते खरंच होतं, आमच्याकडे ठेवायला फळी नव्हती. कप त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात राहिले. मी ते कपाट कधी बघितलं नाही. दिवाणखान्यात जाणार कसा?

घरी आलो की बापाला सांगायचो. बाप म्हणायचा, "पळाया देतायत ना, पोरा? येवडा खूप झाला." खोतालाही माझा अभिमान वाटू लागला होता. पाहुणे आले की मला अंगणाच्या कडेला बोलवायचा. "हा आमचा महार. सबंध जिल्ह्यात पहिला." एकदा पाहुण्यांच्या घोड्याबरोबर पळवलं. घोड्याला नंतर दाणाचंदी मिळाली.

मग एका साली बातमी आली की मैलात जो पहिला येईल त्याला मुंबईच्या मोठ्या शर्यतींना पाठवणार. मुंबईत पळणाऱ्या माणसाला गिरणीवाले ठेवून घेतात, असं बोटीवरून येणारे चाकरमानी सांगत होते. खरं खोटं मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की जो बोटीत बसला तो वेठीतून सुटला. त्या साली मी जसा पळालो तसा आधी कधी पळालो नव्हतो आणि नंतरही नाही. शेठचा मुलगा शेवटच्या वळणालाही आला नव्हता. फीत पडली. मी उडी मारली. त्या साली मी ती उडी हसत मारली.

आठवड्याने वकीलसाहेबांच्या मागीलदारी गेलो. कधी निघायचं, विचारायला.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "शेठच्या मुलाला पाठवतोय."

"पयला मी आलो, साहेब."

"आलास. कोण नाही म्हणतं? पण मुंबईवाले एकच गोष्ट विचारतात, फीत कोणी तोडली? आता मी खोटं कसं बोलू?"

बोलू शकत नव्हते ते. आयुष्यभर खोटं बोलले नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

तेव्हा मला कळलं. ती फीत माझ्यापासून वाचवायची म्हणून सोडत नव्हते. मी जिंकलो हे कुठे मोजलं जाऊ नये म्हणून सोडत होते. कदाचित त्यांनाही आधी ठाऊक नसेल. पण विटाळ त्यांच्या कामी आला तो असा. आणि मी दर साली उडी मारून त्यांना साथ दिली होती. रडू आलं नाही. मांडवीच्या बंदरावर जाऊन बसलो. शेठचा मुलगा पडावात चढला, पडाव बोटीला लागला. त्याने एकदा किनाऱ्याकडे बघितलं, मी दिसलो आणि त्याने मान फिरवली. त्यालाही माहीत होतं पहिला कोण ते.

त्याच सुमाराला महाडाकडून आमची माणसं परत आली. सांगत होती, तळ्यात उतरलो, ओंजळीने पाणी प्यालो, मग डोकी फुटली. बाप म्हणाला, कशाला गेले मरायला? मी त्यांच्या डोक्यांना बांधलेल्या फडक्यांकडे बघत होतो. ओंजळ भरायला कुणाची परवानगी मागितली नव्हती त्यांनी.

पुढल्या साली मी पुन्हा मैदानात उतरलो. सगळ्यांना वाटलं, गुमान आला. मी पळालो. पुढे निघालो. शेवटचं वळण घेतलं. पोरं ओरडली, "आला रे, सोडा!" फीत पडली.

मी थांबलो.

एक पाऊल अलीकडे. फीत माझ्या अंगठ्यापुढे पडलेली.

मी म्हणालो, "फीत वर धरा."

दोन्ही पोरं वकीलसाहेबांकडे बघू लागली. ते धोतर सावरत धावत आले. "अरे, थांबलास काय? पाय टाक! एक पाऊल फक्त!"

"फीत वर धरा."

"मागून येतायत रे! हरशील!"

"फीत वर धरा, साहेब."

मला तेवढंच येत होतं. दुसरं वाक्य सुचलं असतं तर बोललो असतो. मागून पाय वाजू लागले. पोरांची तारांबळ उडाली. मी मध्ये उभा, फीत उचलली तर मला लागणार. शेवटी ती दोघं फीत घेऊन बाजूला पळाली आणि मैदानाच्या कडेला तिरकी धरली. मुंबईहून परतलेला शेठचा मुलगा रेष सोडून तिकडे वळला आणि त्याने ती तोडली. टाळ्या झाल्या. रेषेच्या बाहेर तोडली, पण फीत तर तोडली! मी उभाच होतो. कुणीतरी नारळाची करवंटी फेकून मारली, ती कानाला लागली. मग पुकारलं, मी शर्यत पुरी केली नाही. आणि यापुढे मला मैदानात घेणार नाहीत.

माझं पळणं तिथे संपलं, असं शहराला वाटलं. खोताने ते संपू दिलं नाही.

"पळायची हौस आहे ना मेल्याला? पळू दे," खोत म्हणाला. मला कुणी मारलं नाही. मला पळवलं. मयताच्या खबरा होत्याच. आता निरोप, औषधं, विड्याची पानं, आंब्याच्या टोपल्या, सगळं माझ्याच पायांवर. वैशाखात कातळ तापून लाल होतो, तेव्हाही. एक काम करून आलो की दुसरं तयार. उजवा गुडघा सुजला. बिब्बा घातला. सूज उतरायच्या आत पुन्हा हाक यायची. ज्या पायांनी नाही म्हटलं ते पायच संपवायचे, असं त्याने ठरवलं होतं. घाई नव्हती त्याला.

एकदा त्याचा सावर्ड्याचा जावई येऊन गेला आणि चांदीची तपकिरीची डबी विसरला. सावर्ड्याला जाणारी मोटार सुरू झाली होती तोवर, पण मोटारवाल्याच्या हाती चांदी कोण देणार? मला बोलावलं. माझा बाप तापाने अंथरुणाला खिळला होता. मी हात जोडून सांगितलं, "मालक, बाबा लय आजारी हाय. दोन दिस थांबा."

खोत म्हणाला, "आजारी आहे ना? मेला नाही ना? मेला की त्याची खबर घेऊन पळ. आता डबी घेऊन पळ."

डबी पायरीवर ठेवली. मी उचलली. सावर्डे म्हणजे जवळ नव्हे. जाताना पळालो, येताना त्याहून जोरात पळालो. गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं तरी थांबलो नाही. वाटेत तोंड मिटलेलंच होतं. सवय. घरी पोचलो तर बापाला माती देऊन झाली होती.

बहीण माझी खाडीपलीकडे पावसला दिलेली. तिला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार कोण? गावचा खबऱ्या मी, आणि मी तपकीर पोचवायला गेलेलो. आमच्या मरणाला पळणारा कुणी नसतो. बहीण पुढे स्वतःच आली, बापाला खायला कणगरांचे कंद घेऊन. अंगणात येऊन विचारलं, "बाबा खयं हाय?" आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला कळलं. ती माझ्या छातीवर बुक्क्या मारू लागली. "गावाची मरनां पोचवलीस! माझ्या बापाचा तेवढा नाय पोचवलास!"

मी तिला थांबवलं नाही. ज्या छातीने फीत तोडायची होती तिच्यावर तिने मारलं, ते मला बरंच वाटलं.

त्यानंतर मी लंगडाच. गुडघा वाकत नाही. खोताला माझा उपयोग राहिला नाही. वकीलसाहेबांना दया आली. दर साली शर्यतींच्या आधी मला मैदानावर बोलावू लागले, चुन्याच्या रेषा मारायला. मारल्या. पोट होतं. सुरुवातीची रेषा मी मारायचो, शेवटची मीच मारायचो. मग घमेलं घेऊन दोरीच्या बाहेर उभा राहायचो. नवी पोरं, नवी फीत. आमच्यातला एकही पोरगा त्यात नसायचा. माझ्यानंतर कुणाला घेतलंच नाही. "एकाने शिस्त मोडली, काय करणार?" वकीलसाहेब म्हणायचे. तोही दोष माझाच.

मग खोताची म्हातारी आई वारली. तिची लेक घाटीपलीकडे. मला हाक आली. पाय गेला असला तरी घराण्याची पाळी आमचीच होती. मी गेलो आणि अंगणाच्या कडेला उभा राहिलो. खोताचे डोळे रडून लाल झालेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला रडताना बघितलं.

"आई गेली," तो म्हणाला. "ताईला तोंड दिसायला हवं. नीघ. लंगडत जा, पण नीघ."

"नाय जानार, मालक."

"पाय दुखतो?"

"दुखतो. पन बरा असता तरी नाय गेलो असतो."

"मग जाणार कोण?"

"तुमचे पाय हायत ना. तुमच्या घरचा मरान तुमी न्या."

अंगणातलं रडणं थांबलं. मी वळलो आणि सावकाश चालत घरी आलो. पाठीत दगड बसेल असं वाटत होतं. नाही बसला. घरी येऊन ओटीवर बसलो. मनात भीती होती आणि आनंदही होता, दोन्ही.

आनंद दुपारपर्यंतच टिकला. आमच्याच वाडीतला दुसरा गेला खबर घेऊन. मी त्याला बोल लावत नाही. त्याच्या घरात खाणारी तोंडं होती. म्हातारीचं तोंड लेकीला दिसलं. माझ्या नाही म्हणण्याने खोताचं एवढंसंही अडलं नाही. माझं मात्र सगळं अडलं. सुगीचा वाटा बंद. वाण्याने पाठ फिरवली. वाडीतली माणसंही दारावरून मान खाली घालून जाऊ लागली. बायको करांदे उकडून पोरांपुढे ठेवायची.

अशात वकीलसाहेबांचं बोलावणं आलं. मैदानावरच भेटलो. केस पिकले होते त्यांचे. या वेळी चार हातांवर थांबले नाहीत. जवळ आले, अगदी जवळ.

"कलेक्टरसाहेब येणार आहेत यंदा," म्हणाले. "आता दिवस बदललेत बाबा. आम्ही सहभोजनं केली, पंगतीत बसलो तुमच्या लोकांबरोबर. माझ्या मनात एक आलंय. शर्यती संपल्या की तुला पुकारायचं. जुना चॅम्पियन म्हणून. फीत धरायची. एक टोक मी स्वतः धरतो. तू चालत आलास तरी चालेल. तोड ती. सगळ्यांदेखत. आणि मैदानावर तुला कायमचं काम, ते माझ्याकडे लागलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंखुरं पाणी. मी रेषेकडे बघितलं. आदल्या दिवशी मीच मारलेली.

"मी पळत होतो तवा धरायची होती, साहेब."

"चुकलं रे आमचं. पण आता तरी तोड."

"आता तोडली तर तवा सोडली व्हती ता कोन म्हनेल?"

मी चुन्याचं घमेलं त्यांच्या पायांशी ठेवलं आणि निघालो. वाटेत कुणी काही विचारलं नाही. घरी बायकोला सांगितलं. ती चुलीकडे बघत म्हणाली, "तोडली असतीस तर चूल पेटली असती." ती खोटं बोलत नव्हती.

ती फीत मला हवी होती. अजून हवी आहे. लाल, ताणलेली, छातीएवढ्या उंचीवर. आता ती मिळायची नाही. गुडघा वाकायचा नाही, बाप यायचा नाही, आणि कपाटातल्या कपांवर माझं नाव आहे की नाही हेही मला कधी कळायचं नाही. माझ्या नाही म्हणण्याने गाव सुधारला नाही. सुधारेल असं मला दिसतही नाही.

पण माझ्या घरातून मरणाची खबर आता जाणार नाही. माझी पोरं उपाशी राहतील, पण खोताच्या प्रेतासाठी पळणार नाहीत. आणि दर साली शर्यतीच्या दिवशी मी मैदानावर जाणार. चुना मारायला नाही, फीत तोडायला नाही. शेवटच्या रेषेपाशी उभा राहणार आणि जो भेटेल त्याला सांगणार, इथे फीत सोडली होती, पहिला मी आलो होतो. हाकलतील. हाकलू देत. लंगडत परत येईन.